परदेशात घेतलेली डीव्हीडी घरच्या प्लेअरवर का चालत नाही?

डिस्क नवीकोरी आहे, एकही ओरखडा नाही. प्लेअरचा कप्पा आत सरकतो, डिस्क फिरू लागल्याचा बारीक आवाज येतो, आणि चित्रपटाऐवजी पडद्यावर एवढंच उमटतं की या डिस्कचा रीजन जुळत नाही. कुणी डिस्क पुसून पुन्हा घालतं, कुणी प्लेअर बंद करून चालू करतं, कुणी दुकानदाराने फसवलं असं समजून ती कपाटात ठेवून देतं. परदेशात राहणाऱ्या लेकीने आठवणीने पाठवलेली डिस्क असेल, तर मन आणखीच खट्टू होतं.

हा अनुभव थेट पंतप्रधानांच्या घरापर्यंत पोचलेला आहे. मार्च २००९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन अमेरिकेला गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना २५ अभिजात अमेरिकी चित्रपटांच्या डीव्हीडींचा संच भेट दिला. त्या डिस्क ब्रिटनमधल्या प्लेअरवर चालत नाहीत, अशा बातम्या थोड्याच दिवसांत ब्रिटिश वृत्तपत्रांत छापून आल्या. दोन्ही देशांत डिस्कचा आकार तोच, १२ सेंटिमीटरचा. ती वाचणारा लेझर त्याच जातीचा. चित्रपटही तोच. मग अडतं कुठे?

अडथळे दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही

या विषयातला निम्मा गोंधळ इथेच आहे. लोक ज्याला एकच अडचण समजतात, त्या प्रत्यक्षात दोन वेगळ्या अडचणी आहेत. एक अडथळा माणसांनी ठरवून घातलेला आहे, त्याला रीजन कोड म्हणतात. दुसरा कुणी मुद्दाम घातलेला नाही. वेगवेगळ्या देशांत टीव्ही कसा घडत गेला, त्या इतिहासातून तो आला आहे. पॅल आणि एनटीएससी ही त्याची दोन नावं.

रेल्वेचं उदाहरण घ्या. रीजन कोड म्हणजे हद्दीवरच्या फाटकाशी बसलेला पहारेकरी. रूळ नीट आहेत, गाडी नीट आहे, पण तो कागद बघून म्हणतो, या हद्दीचं नाव तुमच्या परवान्यावर नाही, परत जा. पॅल आणि एनटीएससीचा फरक म्हणजे रुळांची रुंदीच वेगळी असणं. ब्रॉडगेजची गाडी नॅरोगेजच्या रुळांवर चालणार नाही, मग फाटकात पहारेकरी असो वा नसो. एखाद्या डिस्कला यातला एकच अडथळा येतो, एखादीला दोन्ही येतात. पहिला दूर केला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा मल्टी-रीजन प्लेअर घेऊनही चित्र उड्या का मारतं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

पहारेकरी काय तपासतो?

डीव्हीडीच्या जगात पृथ्वीची आठ भागांत वाटणी केलेली आहे. रीजन १ मध्ये अमेरिका आणि कॅनडा. रीजन २ मध्ये युरोपचा बहुतेक भाग, जपान, मध्यपूर्व, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया रीजन ३ मध्ये. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका रीजन ४ मध्ये. भारत, पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा मोठा भाग रीजन ५ मध्ये येतो. चीनला स्वतंत्र रीजन ६ दिलेला आहे. सातवा राखीव ठेवलेला आहे, आणि आठवा विमानं आणि प्रवासी जहाजं यांच्यासाठी.

नकाशा समोर ठेवून बघितलं तर ही वाटणी विचित्र वाटते. जपान युरोपच्या पंगतीत बसला आहे. मेक्सिकोची सीमा अमेरिकेला लागून आहे, पण डिस्कच्या हिशेबात त्याचा शेजारी ऑस्ट्रेलिया आहे. याचं कारण असं की रेषा भूगोल बघून मारलेल्या नाहीत. कुठल्या बाजारात चित्रपट कधी आणि कुणामार्फत विकायचा, यावरून त्या ठरल्या.

हा कोड डिस्कवर असतो तरी किती? फक्त एक बाइट. डिस्कवरच्या सुरुवातीच्या माहितीच्या फाइलमध्ये आठ खुणांची ही जागा असते. आठ दरवाज्यांची ओळ असावी तशी ती समजा, प्रत्येक रीजनला एक दरवाजा. खूण शून्य असली तर दरवाजा उघडा, एक असली तर बंद. प्लेअरला कारखान्यातच सांगून ठेवलेलं असतं की तू पाच नंबरचा. डिस्क घातली की तो आपल्या नंबरचा दरवाजा बघतो. उघडा असला तर चित्रपट सुरू, बंद असला तर ती परिचित ओळ पडद्यावर येते. कित्येक गिगाबाइट चित्रपट पुढे तयार बसलेला असतो, आणि तो दिसणार की नाही हे एका खुणेवर ठरतं.

यावरून आणखी एक शंका मिटते. दुकानांत आणि वेष्टनांवर ज्याला रीजन ० म्हणतात, तो खरं तर वेगळा रीजन नाही. आठही दरवाजे उघडे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. काही डिस्कवर दोन दरवाजे उघडे ठेवलेले असतात. रीजन २ आणि ४ असं लिहिलेल्या डिस्क पुष्कळ सापडतात. गाण्यांच्या सीडीला मात्र असा कोड कधीच नव्हता, आणि घरगुती समारंभाचं चित्रीकरण भरून घेतलेल्या डिस्कलाही तो नसतो. परदेशातल्या नातलगांनी लग्नाची डिस्क पाठवली आणि ती चालली नाही, तर दोष रीजन कोडचा नाही. कारण दुसरीकडे शोधायला हवं.

अशी वाटणी केलीच कशासाठी?

पहिले डीव्हीडी प्लेअर नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये विक्रीला आले, आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत. त्या काळात चित्रपट जगभर एकाच दिवशी प्रदर्शित होत नसत. चित्रपटगृहात दाखवायच्या फिल्मच्या प्रती अवजड आणि महाग असत. एका देशातले खेळ संपले की त्याच प्रती दुसऱ्या देशात पाठवता येत. शिवाय ठिकठिकाणच्या भाषांत डबिंग व्हायचं असे, सबटायटल्स व्हायची असत. त्यामुळे अमेरिकेत चित्रपट येऊन, चालून, त्याची डिस्क बाजारात येईपर्यंत युरोपमध्ये किंवा आशियात तो चित्रपटगृहात लागलेलाही नसे. अमेरिकेतली डिस्क लोकांनी मागवून घरी बघितली तर आमची तिकिटं कोण काढणार, ही स्टुडिओंची भीती होती. रीजन कोड असेल तरच आम्ही आमचे चित्रपट या नव्या डिस्कवर देऊ, असा त्यांचा आग्रह होता.

दुसरं कारण हक्कांचं. एकाच चित्रपटाचे हक्क एका देशात एका कंपनीकडे आणि दुसऱ्या देशात दुसरीकडेच असतात. ज्याने आपल्या देशापुरते हक्क पैसे देऊन घेतले, त्याच्या बाजारात शेजारच्या देशातली डिस्क येऊ नये, अशी त्याची अपेक्षा असते. तिसरं कारण किमतीचं: एकच वस्तू वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या किमतीला विकायची असेल, तर स्वस्त देशातली वस्तू महाग देशात जाता कामा नये.

पहिलं कारण मला समजतं. त्या काळाच्या मानाने त्यात तथ्य होतं. पण ते कारण काही महिन्यांचं होतं, आणि कुलूप कायमचं आहे. चित्रपट आपल्या देशात लागून गेला, त्याला वीस वर्षं झाली, ज्या वितरकाने हक्क घेतले होते त्याचा करारही संपला, तरी ती एक खूण डिस्कवर तशीच असते. डिस्कचा साचा एकदा बनला की ती खूण बदलता येत नाही. रीजन कोडला मुदत ठेवायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. तशी सोय मात्र या रचनेत कधीच नव्हती.

तिसऱ्या कारणावर तर सरकारी पातळीवरही प्रश्न विचारले गेले. २००१ साली युरोपीय आयोगाचे स्पर्धा आयुक्त मारिओ माँटी यांनी जाहीर भाषणात रीजन कोडचा आणि डिस्कच्या किमतींचा विषय काढला. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आणि स्पर्धा आयोगानेही त्याच सुमारास या पद्धतीवर टीका केली.

प्लेअर बनवणाऱ्यांनी हे ऐकलं का?

हा प्रश्न रास्त आहे. प्लेअर बनवणाऱ्याला तर जास्त डिस्क वाजवणारं यंत्र विकायला आवडेल. त्याने पहारेकरी ठेवायचाच कशाला?

उत्तर एका परवान्यात आहे. बहुतेक व्यावसायिक डीव्हीडींवरचा चित्रपट सांकेतिक रूपात साठवलेला असतो. या पद्धतीचं नाव सीएसएस. डिस्क वाचता आली तरी किल्लीशिवाय चित्र दिसत नाही, आणि किल्ली हवी असेल तर प्लेअरच्या कंपनीला डीव्हीडी कॉपी कंट्रोल असोसिएशन या संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो. परवान्याच्या अटींत एक अट अशी, की यंत्राने रीजन तपासलाच पाहिजे. म्हणजे रीजन कोड पाळा असं सांगणारा जागतिक कायदा कुठेही नाही. तो पाळला नाही तर किल्ली मिळणार नाही, एवढ्या जोरावर सगळा कारभार उभा आहे.

पण अट पाळणं आणि घट्ट पाळणं यात अंतर असतं. बऱ्याच कंपन्या एकच प्लेअर सगळ्या जगासाठी बनवतात आणि शेवटच्या टप्प्यावर त्यात रीजनचा आकडा भरतात. आकडा भरण्याची ती वाट अनेक यंत्रांत उघडीच राहिली. रिमोटवरची ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबली की एक लपलेला मेन्यू उघडतो, आणि तिथे रीजन बदलता येतो. मल्टी-रीजन म्हणून विकले जाणारे कितीतरी प्लेअर असेच तयार झालेले आहेत.

दुसरा अडथळा: रुळांची रुंदी

आता टीव्हीकडे वळू. हा भाग थोडा जुन्या काळात नेणारा आहे, पण मला स्वतःला तोच सगळ्यात रंजक वाटतो.

घरात येणारी वीज एका सेकंदात ठरावीक वेळा पुढे जाऊन मागे येते. अमेरिकेत ती ६० वेळा, युरोपात आणि भारतात ५० वेळा. टीव्ही घडत होता तेव्हा चित्र ताजं करण्याचा वेग या आकड्याशी जुळवून घेतला गेला. तो जुळला नाही तर विजेच्या लयीचे पट्टे चित्रावरून सरकताना दिसत. म्हणून अमेरिकेत त्या आकड्याच्या निम्म्या, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमचा टीव्ही आला, युरोपात २५ फ्रेमचा. फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र. अशी चित्रं भराभर दाखवली की आपल्याला हालचाल दिसते. चित्रातल्या आडव्या रेषाही वेगळ्या ठरल्या, तिकडे ५२५, इकडे ६२५. पुढे रंग आला. अमेरिकेत १९५३ साली मान्य झालेल्या रंगीत पद्धतीला एनटीएससी म्हणतात. तिच्यात रंग बसवताना ३० चा आकडा किंचित घसरून २९.९७ झाला. जपाननेही पुढे तीच पद्धत घेतली. युरोपात १९६७ पासून पॅल पद्धतीचं रंगीत प्रसारण सुरू झालं, आणि भारतासह पुष्कळ देशांनी ती स्वीकारली.

डीव्हीडी आली तेव्हा घरोघरी हेच टीव्ही होते. त्यामुळे डिस्कवरचा चित्रपटही त्या त्या टीव्हीच्या मापाने कापला गेला. एनटीएससी डिस्कवरची फ्रेम ७२० बाय ४८० ठिपक्यांची, पॅल डिस्कवरची ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. काटेकोरपणे बोलायचं तर डिस्कवर पॅलचा किंवा एनटीएससीचा रंग भरलेलाच नसतो. दोन्हींवर आकडेच असतात, फक्त चित्राचं माप आणि वेग वेगळा. जुनी नावं तशीच चालू राहिली, एवढंच. फ्रान्समध्ये टीव्हीची पद्धत सेकॅम नावाची, म्हणजे तिसरीच होती, तरी तिथल्या डिस्क पॅलच्याच मापाच्या असतात, त्या याचमुळे.

"आमच्या डिस्कवरचा चित्रपट पाच मिनिटं छोटा आहे, कात्री लावली का?"

ही तक्रार वरचेवर ऐकू येते, आणि तिचं उत्तर फार थोड्यांना माहीत असतं. चित्रपटाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने धावते. पॅल डिस्कला २५ लागतात. सोपा मार्ग असा की चित्रपटच थोडा वेगाने सोडायचा, सुमारे चार टक्के. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट पॅल डिस्कवर ११५ मिनिटांत संपतो. एकही दृश्य गेलेलं नसतं. मात्र आवाजही तेवढाच वेगाने धावतो, आणि तो मुद्दाम उतरवून घेतला नसेल तर गाण्याचा कान असलेल्या माणसाला सूर चढा लागल्याचं जाणवतं.

एनटीएससीचा मार्ग निराळा. २४ फ्रेम ३० च्या जागेत बसवायच्या, तर काही फ्रेमचे तुकडे पुन्हा दाखवावे लागतात. लांबी बदलत नाही, पण कॅमेरा संथपणे एका बाजूला सरकत असेल तर चित्र किंचित अडखळताना दिसतं. तेव्हा डिस्क विकत घेताना वेष्टनावरची मिनिटं मोजून कुठली आवृत्ती पूर्ण आहे हे ठरवू नका. आधी ती पॅल आहे की एनटीएससी, हे बघा.

माझ्या हातातली डिस्क चालेल का, हे कसं ओळखायचं?

वेष्टनाच्या मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोलाचं छोटं चित्र असतं आणि त्यात एक आकडा. तो रीजन. जवळपासच पॅल किंवा एनटीएससी लिहिलेलं असतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या.

दोन्ही अडथळे स्वतंत्र आहेत याचा पुरावा हवा असेल तर जपान आणि इंग्लंड बघा. दोन्ही रीजन २ मध्ये. जपानमधली डिस्क इंग्लंडमधल्या प्लेअरला दिली तर पहारेकरी काही बोलत नाही. पण डिस्क एनटीएससी आणि देश पॅलचा. ती चालेल का, हे प्लेअर आणि टीव्ही किती समजूतदार आहेत यावर ठरतं.

इथे पॅलवाल्या देशांतल्या लोकांची बाजू बरी आहे. त्यांच्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही एनटीएससी चित्र निमूटपणे दाखवतात. उलट दिशेने तसं होत नाही. अमेरिकेत विकले गेलेले पुष्कळ प्लेअर पॅल डिस्क नाकारतात, आणि तिथले काही टीव्ही पॅलच्या वेगाचं चित्र आजही घेत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या नातलगांना भारतातली डिस्क पाठवणाऱ्याने जास्त काळजी घ्यायला हवी. डिस्कवर आठही दरवाजे उघडे असतील, तरी ती पॅल असेल तर तिकडे अडू शकते. पाठवताना शक्य असेल तर एनटीएससी आवृत्ती बघून घ्यावी. लग्नाची डिस्क भरून देणाऱ्यालाही हे आधी सांगून ठेवलं, तर तो त्या मापात भरून देऊ शकतो.

मग करायचं काय?

पुष्कळ डिस्क परदेशातून येत असतील तर मल्टी-रीजन प्लेअर हा सरळ उपाय. घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: तो पॅल आणि एनटीएससी दोन्ही दाखवतो का, आणि त्यातला रीजन आपल्याला हाताने ठरवता येतो का. दुसरा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटेल, पण तसा नाही. २००० सालापासून अमेरिकेतल्या काही डिस्कवर एक जादा तपासणी बसवली गेली. सगळे दरवाजे उघडणारे प्लेअर आलेत हे स्टुडिओंना कळलं होतं. तेव्हा या डिस्क प्लेअरलाच विचारतात, तू कुठल्या रीजनचा? सगळ्यांचाच, असं उत्तर मिळालं तर त्या चालत नाहीत. ज्या प्लेअरला हाताने रीजन १ वर ठेवता येतं, तो नेमकं उत्तर देतो आणि डिस्क सुरू होते.

परदेशातून प्लेअरच आणायचा विचार असेल तर आधी त्याच्या मागची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर कुठेही चालेल, फक्त पिन बदलावी लागेल. फक्त १२० व्होल्ट असेल, तर २३० व्होल्टच्या घरात तो सरळ जोडला की जळेल.

संगणकावर बघायचं असेल तर वेगळी सावधगिरी लागते. २००० सालापासूनच्या संगणकांतल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये पहारेकरी ड्राइव्हच्या आतच बसवलेला असतो. वापरणाऱ्याला रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जो ठेवाल तोच कायम राहतो, आणि विंडोज पुन्हा बसवलं किंवा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकात नेला तरी ते बदलत नाही, कारण ही मोजणी ड्राइव्हच्या स्मरणात असते. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या गुणधर्मांत किती बदल शिल्लक आहेत हे दिसतं. रीजन बदलायचा का, असं संगणकाने विचारलं की हो म्हणायची घाई करू नका, एकेक संधी खर्च होत असते. अनेक जण यावर असा तोडगा काढतात की एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कायम परदेशी रीजनसाठी ठेवायचा आणि आतला आपल्या रीजनसाठी. व्हीएलसीसारखे चित्रपट दाखवणारे प्रोग्रॅम रीजनची पर्वा न करता डिस्क वाचण्याचा प्रयत्न करतात. ते जमेल की नाही, हे ड्राइव्ह कुठल्या बनावटीचा आहे यावर अवलंबून असतं.

"पण हे बेकायदा नाही का?"

परदेशातली अस्सल डिस्क विकत घेऊन घरी बघणं म्हणजे चोरी नव्हे, हे आधी स्पष्ट करू. बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेले असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कर्टसेंग खटल्यात असा निर्णय दिला, की परदेशात कायदेशीरपणे तयार झालेली प्रत विकत घेणाऱ्याला ती पुढे विकण्याचाही हक्क आहे. तो खटला पाठ्यपुस्तकांचा होता, पण तत्त्व विकत घेतलेल्या प्रतीचं आहे.

वाद येतो तो कुलूप चुकवण्यावरून, आणि इथे देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. अमेरिकेचा १९९८ चा डिजिटल कॉपीराइट कायदा अशा तांत्रिक कुलपांना भक्कम संरक्षण देतो. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये आणि न्यूझीलंडने २००८ मध्ये कायदा बदलताना मात्र, बाजाराची भौगोलिक वाटणी करणारी कुलपं या संरक्षणातून वगळली. बाहेर घेतलेली अस्सल प्रत आपल्या माणसाला घरी बघता आली पाहिजे, ही भूमिका त्यांनी कायद्यात लिहून ठेवली. ती मला सगळ्यात न्याय्य वाटते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. त्यात हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप चुकवणं हा गुन्हा आहे. म्हणजे कायदा हेतू बघतो.

नॉर्वेतला एक खटला इथे सांगायलाच हवा. १९९९ मध्ये योन लेक योहानसन हा मुलगा सीएसएसची सांकेतिक रचना उलगडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध करण्यात सहभागी होता. तेव्हा त्याचं वय होतं १५. चित्रपट उद्योगाच्या तक्रारीवरून त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. स्वतः पैसे देऊन घेतलेली डिस्क आपल्या पद्धतीने बघणं हा गुन्हा ठरत नाही, असं न्यायालयाने मानलं.

"निदान यामुळे प्रतींची चोरी तरी थांबते ना?"

नाही. रीजन कोड प्रत काढण्याला अडवतच नाही. तो फक्त वाजवण्याला अडवतो. जो माणूस बेकायदा प्रती विकतो, तो प्रत काढतानाच ती खूण काढून टाकतो, त्यामुळे त्याची डिस्क जगात कुठेही चालते. जो दुकानात जाऊन, पूर्ण किंमत देऊन, अस्सल डिस्क घेऊन येतो, त्याच्यापुढेच ती ओळ उमटते. या सगळ्या रचनेतली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे.

तिचा खरा तोटा नव्या, गाजलेल्या चित्रपटांना होत नाही. ते आज ना उद्या सगळीकडे मिळतात. तोटा होतो तो जुन्या, छोट्या भाषांतल्या, थोड्यांनाच ठाऊक असलेल्या चित्रपटांचा. त्यांची डिस्क कुठल्या तरी एकाच देशात, एकाच रीजनमध्ये, एकदाच निघालेली असते. दुसऱ्या रीजनसाठी ती कुणी काढणार नसतं, कारण तिथे घेणारे मोजकेच. ज्या विक्रीचं रक्षण करायला कुलूप लावलं, ती विक्री तिथे होणारच नसते. तरी कुलूप मात्र असतं.

"आता डिस्क बघतंच कोण? सगळं ऑनलाइन मिळतं."

सगळं मिळत नाही, हे एक. आणि ऑनलाइन जगात फाटक उरलेलंच नाही असंही नाही. प्रवासात गेल्यावर आपल्या वर्गणीच्या यादीतले चित्रपट एकदम वेगळे दिसतात, ते याच जुन्या वाटणीमुळे. हक्क अजूनही देशवार विकले जातात. फरक इतकाच की पूर्वी पहारेकरी डिस्कवरची खूण बघायचा, आता तो इंटरनेटचा पत्ता बघतो. युरोपीय संघाने १ एप्रिल २०१८ पासून एक नियम लागू केला. त्यानुसार संघातला माणूस संघातल्याच दुसऱ्या देशात तात्पुरता गेला, तर त्याच्या घरच्या वर्गणीत जे दिसतं तेच तिथेही दिसलं पाहिजे. डिस्कच्या वाट्याला असा नियम कधीच आला नाही. पण डिस्कची एक जमेची बाजू आहे. हक्कांचा करार संपला म्हणून कपाटातली डिस्क रातोरात गायब होत नाही.

डिस्कच्या पुढच्या पिढ्यांत फाटकं कमी होत गेली. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेमध्ये आठाऐवजी तीनच भाग आहेत. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया ए मध्ये. युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये. भारत, चीन आणि रशिया सी मध्ये. अनेक ब्लू-रे डिस्कवर तर हा कोड लावलेलाच नसतो. शिवाय त्यांवर चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमच्या मूळ वेगानेच ठेवता येतो, त्यामुळे ती पाच मिनिटंही हरवत नाहीत. मात्र सोबतच्या मुलाखती आणि जादा चित्रफिती कधी कधी अजून पॅलच्याच जुन्या वेगात असतात, आणि अमेरिकेतल्या प्लेअरवर तेवढ्याच अडतात. २०१६ पासूनच्या ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेला रीजन कोड मुळी नाहीच.

फक्त एक लक्षात असू द्या. ब्लू-रेचा किंवा ४के चा प्लेअर जुन्या डीव्हीडीही वाजवतो, आणि डीव्हीडी घातली की तो डीव्हीडीचाच नियम लावतो. त्याच्या आत डीव्हीडीचा रीजन वेगळा भरलेला असतो. त्यामुळे नवीन प्लेअर घरी आला म्हणून जुना मल्टी-रीजन प्लेअर लगेच कुणाला देऊन टाकू नका. आधी संग्रहातली एखादी परदेशी डीव्हीडी नव्या यंत्रात घालून बघा.